तिच्या नावाचं रिटर्न

“माझ्याबी नावानं एक भरता येईल का हो, मॅडम?”

त्रिशला मगदूमनं हे विचारलं तेव्हा मी कॉम्प्युटरवरची नजरसुद्धा काढली नव्हती. दोन हजार अकरा सालचा जुलै, तारीख एकोणतीस. रिटर्न भरायची मुदत दोन दिवसांत संपत होती. मिरजेतलं माझं ऑफिस म्हणजे औषधाच्या दुकानावरची एक खोली. बाहेरचं बाकडं भरलेलं, जिन्याच्या पायऱ्यांवरही माणसं बसलेली. रिक्षावाले, शिंपी, शिकवण्या घेणारे मास्तर, लग्नाच्या जेवणाची कंत्राटं घेणारा एक आचारी. स्वतःचा धंदा करणाऱ्या लोकांची रिटर्नं भरून देणं हे माझं काम, आणि ही माणसं कागद आणायची ती शेवटच्या आठवड्यातच. त्यात सकाळपासून दोनदा वीज गेली होती.

“काय भरता येईल?” मी विचारलं.

“रिटर्न. यांचं भरता तसं माझं.”

तिचा नवरा भूपाल शेजारच्या खुर्चीत बसला होता. तो ओशाळं हसला. “सकाळपास्नं हेच चाललंय हिचं. म्हटलं चल, मॅडमनाच विचार एकदा.”

भूपाल दर वर्षी एकटाच यायचा. बिलांची पिशवी टेबलावर ठेवायचा आणि मी बोट ठेवीन तिथं सही करायचा. त्याचा धंदा कवळ्यांचा. मिरज-सांगली आणि आसपासच्या गावांतल्या दातांच्या डॉक्टरांकडून पेशंटच्या जबड्याचे ठसे आणायचे आणि तयार कवळी नेऊन द्यायची. त्याचा सगळा दिवस मोटरसायकलवर जायचा. कवळी करायची ती मात्र त्रिशला. घराच्या मागच्या खोलीत, एकटी.

“तुमच्या नावावर काय आहे?” मी तिला विचारलं. “बँकेत खातं?”

“दोघांचं आहे.”

“डॉक्टर चेक कुणाच्या नावानं देतात?”

“यांच्या.”

“बिलबुक?”

“यांचंच. पण काम तर मी करते की.”

“ते खरं हो. पण इन्कम टॅक्सच्या खात्याला काम कोण करतं ते दिसत नाही, पैसे कुणाच्या नावानं आले ते दिसतं. उद्या यांनी तुम्हाला पगार दिला असं दाखवलं, तरी बायकोला दिलेला पगार फिरून नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. या कामाचं सर्टिफिकेट वगैरे आहे का तुमच्याकडं?”

“नाही. मामाच्या लॅबमध्ये शिकले. लग्नाआधी सात वर्षं तिथंच काम केलं.”

“मग झालं तर. आणि टॅक्स यांनाही बसत नाहीच. एकच घर, एकच चूल. नाव यांचं काय नि तुमचं काय!”

ती हसली. “तसंच आहे म्हणा,” म्हणाली आणि पर्स खांद्याला लावून उठली. दारात थांबून तिनं विचारलं, “बाबांची कवळी आता टोचत नाही ना?”

“छे, शेंगदाणे खातात.”

“मग बरं.”

ती बाहेर पडली, मागोमाग भूपाल. मी पुढच्याला हाक मारली. हे सगळं बोलणं फार तर चार मिनिटांचं.

माझ्या बाबांच्या कवळीचं इथंच सांगते, कारण पुढं कोर्टात मला तेच विचारलं गेलं. आदल्या वर्षीच्या दिवाळीत, एका रविवारी, बाबांची वरची कवळी धुताना हातातून निसटली आणि तिचे दोन तुकडे झाले. डॉक्टर गावाला गेलेले. बाबा तोंडावर रुमाल धरून बसले, कुणाशी बोलेनात. मी भूपालला फोन लावला. तो म्हणाला, “घेऊन या की घरी. ही आहेच.”

त्यांच्या मागच्या खोलीत एक लांब फळी होती. तिच्यावर प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी. त्रिशलानं दोन्ही तुकडे उजेडात धरले, कडा जुळवल्या, मेणानं चिकटवल्या आणि खाली प्लास्टर ओतलं. ते घट्ट होईपर्यंत ती बाबांशी बोलत राहिली. त्यांनी किती वर्षं वकिलांकडं कारकुनी केली, कोणत्या बाजूनं चावतात, झोपताना कवळी काढतात का. तासाभरात तुकडे सांधून, घासून, चकाकी देऊन तिनं कवळी बाबांच्या हातात ठेवली. मग एक निळा कागद त्यांच्या दातांमध्ये धरायला लावला आणि जिथं निळे डाग जास्त उठले तिथं हलक्या हातानं घासलं. शेवटी आतून वाटीभर भाजलेले शेंगदाणे आणले. “खा बाबा. दुखलं तर सांगा.”

बाबांनी चार वर्षांत पहिल्यांदा शेंगदाणे खाल्ले.

निघताना मी तिला विचारलं, “पेशंट तर तुम्हाला दिसतच नाही. मग कुठले दात कुणाला शोभतील, कसं कळतं?”

तिनं भूपालकडं बोट केलं. “यांना विचारते. माणूस उंच आहे का, रंग कसा, चेहरा गोल का लांबट, हसताना तोंड उघडून हसतो का मिटून. हे सगळं बघून येतात आणि रात्री जेवताना मला सांगतात. नुसत्या ठशावरनं दात लावले तर सगळ्यांना एकसारखेच लागतील.”

“बायकांचं सांगताना जरा पंचाईत होते,” भूपाल म्हणाला. “दवाखान्यात एखाद्या बाईकडं टक लावून बघत बसलो की तिच्या घरचे माझ्याकडं बघतात.”

आम्ही चौघंही हसलो. तिनं पैसे घेतले नाहीत.

ती गेली त्या जुलैनंतरच्या फेब्रुवारीत. भूपालला ताप होता. म्हैसाळ रस्त्यावरच्या एका गावात म्हातारी पेशंट होती, तिच्या नातीचं लग्न दोन दिवसांवर आलेलं. कवळी तयार होती. त्रिशला म्हणाली, मीच देऊन येते. स्कूटरवरून निघाली. मागून भरधाव टेम्पो आला. ती जागीच गेली. स्कूटरच्या डिकीतल्या डबीतली कवळी जशीच्या तशी राहिली होती. पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलं, ‘कृत्रिम दात, एक संच.’ पुढं ती डबी भूपालला परत मिळाली तेव्हा त्यानं ती स्वतः जाऊन त्या म्हातारीला दिली. लग्न तोवर होऊन गेलं होतं.

मी भेटायला गेले तेव्हा तो पुढच्या खोलीत सतरंजीवर बसला होता. त्याची मुलगी सुप्रभा, तेरा वर्षांची, आल्यागेल्याला पाणी देत होती. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. भूपाल मला म्हणाला, “डॉक्टरांचे फोन येतायत मॅडम. सात कवळ्या अर्ध्या राहिल्यात. मला नुसतं घासायला येतं.”

तीन-चार महिन्यांनी तो वकिलांना घेऊन ऑफिसात आला. घोरपडे म्हणून, अपघाताच्या दाव्यांचीच कामं करणारे. त्यांनी फाईल उघडली. “मॅडम, बाईंची मागची तीन वर्षांची रिटर्नं द्या.”

“त्यांची नाहीत.”

“एक तरी?”

“नाही.”

“मगदूमांच्या रिटर्नमध्ये बाईंना पगार दिल्याचं कुठं?”

“त्यांचं रिटर्न ढोबळ पद्धतीचं आहे. उलाढालीवर ठरावीक टक्के नफा दाखवायचा, खर्च वेगळे लिहायचेच नाहीत.”

घोरपड्यांनी पेनचं टोपण लावलं. “मग अवघड आहे. गेलेलं माणूस काय कमवत होतं ते कागदावर दाखवावं लागतं. कागद नसला की घर सांभाळणारी बाई म्हणून एक ठरीव आकडा धरतात.”

भूपाल खुर्चीत पुढं सरकला. तो म्हणाला, “आकडा काय धरायचा तो धरू दे. पण ती काय करत होती ते तरी खरं लिहितील का नाही?”

“त्यालाही कागदच लागतो, मगदूम.”

जाताना भूपाल जिन्यात थांबला. घोरपडे पुढं गेले होते. तो म्हणाला, “अजून दवाखान्यात गेलो की माणसांची तोंडं बघतो मी. सवय लागलीय. उंच का बुटका, कसा हसतो. घरी येऊन ताटावर बसलो की लक्षात येतं.”

दाव्याची तारीख लागायला वर्ष गेलं. मला साक्षीचं समन्स आलं. मी रिटर्नांच्या प्रती घेऊन सांगलीच्या कोर्टात गेले. आधी भूपालची साक्ष झाली. विमा कंपनीचे वकील तरुण होते, आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी एक कागद त्याच्यापुढं धरला.

“ही तुमच्या मुलीच्या शाळेतल्या फॉर्मची नक्कल. जून दोन हजार अकरा. अक्षर तुमचं?”

“होय.”

“‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात काय लिहिलंय? वाचून दाखवता?”

भूपालनं कागद हातात घेतला. बराच वेळ बघत राहिला. न्यायाधीशांनी मान वर केली.

“गृहिणी,” तो म्हणाला.

“म्हणजे तेव्हा तुम्ही खोटं लिहिलंत?”

“खोटं नाही साहेब. तसं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. सगळेच लिहितात.”

“पण दाव्यात तुम्ही म्हणता त्या कवळ्या करत होत्या.”

“करत होती. सगळ्या तीच करत होती.”

“ठीक आहे. बसा.”

भूपाल कागद परत देऊन खाली उतरला. मग माझं नाव पुकारलं.

घोरपड्यांनी मला हवं ते विचारलं. मी बाबांच्या कवळीचा प्रसंग सांगितला. त्रिशला गेल्यानंतरच्या वर्षी भूपालची उलाढाल चौथाईवर आली तेही रिटर्न दाखवून सांगितलं. मला वाटलं, हे तरी पुरेल.

विमा कंपनीचे वकील उठले. “मॅडम, बायको गेल्यावर कुणाचाही धंदा बसतो. माणूस खचतो. बरोबर?”

“हो, पण...”

“आणि एक कवळी सांधताना तुम्ही बघितलीत. नवी करताना?”

“नाही.”

“तुम्ही किती वर्षं कर सल्लागार आहात?”

“एकोणीस.”

“घरात दुसरी व्यक्ती खरोखर कमावती असेल तर तिचं रिटर्न वेगळं भरा, असं तुम्ही सांगता ना लोकांना?”

“सांगते.”

“मगदूम कुटुंबाला सांगितलंत?”

भूपाल समोरच्या बाकावर होता. तो माझ्याकडं बघत नव्हता, खाली मान घालून बसला होता.

“नाही,” मी म्हणाले.

“म्हणजे तुमच्याही मते तशी गरज नव्हती.”

मी हातातल्या रिटर्नांच्या प्रती सरळ केल्या. त्यांनी क्षणभर वाट पाहिली आणि न्यायाधीशांना म्हणाले, “मला एवढंच विचारायचं होतं.”

निकाल आला तेव्हा दोन हजार चौदाचा पावसाळा संपत आला होता. भूपाल तो घेऊन माझ्याकडं आला. इंग्रजीत होता. म्हणाला, “घोरपडे साहेबांनी सांगितलं सगळं. पण तुम्ही एकदा वाचून दाखवा. तिच्याविषयी काय लिहिलंय तेवढंच.”

मी ती जागा काढली आणि जमेल तसं मराठी करत वाचलं. मयत ही गृहिणी होती. पतीच्या व्यवसायात ती किरकोळ मदत करत असावी, परंतु तिचं स्वतंत्र उत्पन्न होतं असा कोणताही पुरावा दाखल नाही. सबब गृहिणीचं उत्पन्न दरमहा अमुक धरून भरपाई ठरवण्यात येत आहे.

“किरकोळ मदत,” भूपाल म्हणाला.

“हायकोर्टात जाता येईल. घोरपडे बोलले असतील.”

“बोलले. आकडा वाढवून मिळेल म्हणाले. हा शब्द खोडून मिळेल का?”

“सांगता येत नाही.”

त्यानं निकालाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. उठायच्या बेतात होता. मी म्हटलं, “मगदूम, बसा जरा. एक सांगायचं राहिलंय.”

तो बसला.

तीन वर्षं मी जे कुणाला बोलले नव्हते, ते त्याला सांगितलं. बायकोला दिलेला पगार नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात, हा नियम मी त्या दिवशी सांगितला तो खराच होता. पण त्याच नियमाच्या पोटात एक सवलतही आहे. बायकोच्या अंगी त्या कामाचं तंत्र असेल, आणि पैसे त्या तंत्राचे असतील, तर ते उत्पन्न तिचंच. आणि सर्टिफिकेट नाही म्हणून तंत्र नाही, असंही होत नाही. तसे निकाल आहेत, माझ्या कपाटातल्या पुस्तकात होते. ती मामाकडं सात वर्षं शिकली म्हणाली तेव्हा मला ते आठवलंही होतं. मागच्या वर्षाचं काही करता आलं नसतं, पण ऑगस्टपासून तिच्या नावानं बिलबुक काढा, चेक तिच्या नावानं घ्या, वह्या ठेवा, असं सांगता आलं असतं. त्याला अर्धा तास गेला असता. बाहेर अकरा माणसं होती. मी मोजली होती.

“सहा महिन्यांचे चेक असते तिच्या नावाचे,” मी म्हणाले. “मी साक्षीला उभी राहिले तेव्हा ‘सल्ला दिला होता’ असं म्हणता आलं असतं. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही.”

भूपाल टेबलाच्या काचेवरून बोट फिरवत राहिला. तो चिडेल म्हणून मी वाट बघत होते. चिडला असता तर बरं झालं असतं.

“त्या शाळेच्या फॉर्मवरनंच सुरू झालं ते,” तो म्हणाला. “जूनमध्ये पोरीनं फॉर्म आणला. मी लिहीत होतो. सुप्रभानं विचारलं, आईचं काय लिहिणार? मी म्हटलं, गृहिणी. पोरगी म्हणाली, पण आई तर दात करते. मी म्हटलं, ते काय लिहायचं असतं होय! ही तिथंच बसून मेण तापवत होती. मग महिनाभरानं एके दिवशी म्हणाली, रिटर्न भरताना मी पण येणार. मला वाटलं, टॅक्स वाचवायचं डोक्यात आलं असेल हिच्या.”

“मला तेच वाटलं.”

“पैशाचं नव्हतंच ते. मला तेव्हा कळलं नाही. कोर्टात तो कागद हातात आला तेव्हा कळलं.” त्यानं डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले. “त्यामुळं तुम्ही एकट्या नाही मॅडम. तुम्ही चार मिनिटं चुकलात. मी पंधरा वर्षं.”

मी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढं सरकवला. तो प्याला.

“त्या दिवशी खाली उतरल्यावर मी तिला म्हटलं, झालं समाधान? मॅडमनीच नाही म्हटलं. तर म्हणाली, नाही म्हटलं असं नाही. त्यांचे डोळे बघितले का तुम्ही? दोन-तीन रात्री झोप नसणार त्यांना. आज कसलं विचारायचं! पुढच्या वर्षी लवकर येऊ, मेमध्येच. गर्दी नसते तेव्हा. नीट बसून विचारते.”

पुढच्या वर्षीचा मे आला तेव्हा तिला जाऊन तीन महिने झाले होते.

हायकोर्टात भूपाल गेला नाही. भरपाई आली ती त्यानं सुप्रभाच्या नावावर ठेवली. मागची खोली रिकामी करून भाड्यानं दिली. आता तो सांगलीतल्या एका मोठ्या लॅबसाठी ठसे आणायची-पोचवायची नोकरी करतो. सुप्रभा मंगळुरूला शिकायला होती, मागच्या वर्षी तिचं लग्न झालं. बाबाही गेले.

भूपाल दर वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्याचं रिटर्न आता नोकरदाराचं, दहा मिनिटांत होतं. मी त्याच्यासाठी सगळी दुपार मोकळी ठेवते.